चहाबरोबरची गोळी

धर्मेंद्रचं लग्न झालं ते २०१४ साल. वैशाखात शहाद्याकडच्या मुलीच्या गावी लग्न लागलं आणि वऱ्हाड दोन दिवसांनी सुरतला परत आलं. नवी सून सुषमा बमरोलीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात उंबऱ्यावरचं माप ओलांडून आली, तेव्हा तिची सासू शोभाबाई आतल्या खोलीत कपाळाला फडकं बांधून आडवी पडली होती. सुनेला ओवाळलं ते शोभाबाईच्या मोठ्या जावेनं, सुभद्राबाईनं. ओवाळता ओवाळता सुभद्राबाईनं चार बायकांच्या देखत सांगून टाकलं की यंदाची कानबाई देवी धाकट्या दिराच्या, चिंधाच्या, घरी बसायची असली, तरी डोक्यावर घेणार ती स्वतः.

आतल्या खोलीत शोभाबाईनं ते ऐकलं. डोळे उघडले नाहीत, पण फडक्याची गाठ आणखी घट्ट ओढली.

खानदेशातली माणसं सुरतला आली ती कानबाईला सोबत घेऊनच. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, नारळाला नथ नि डोळे लावून देवी मांडायची, रोटाच्या, म्हणजे देवीसाठी वेगळ्या दळलेल्या गव्हाच्या, पिठाचा स्वयंपाक करायचा, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायची. हिलाल हा सुभद्राबाईचा नवरा, चिंधा शोभाबाईचा; या दोघा भावांच्या घरी ती आळीपाळीनं बसायची. ज्याच्या घरी बसली त्या घरच्या बाईनं तिला पाटासकट डोक्यावर घ्यायचं, हा रिवाज. पाट जड असतो असं नाही, पण तो मध्ये कुठं उतरवायचा नसतो.

मागच्या खेपेला शोभाबाईनं तो उतरवला होता. गल्लीच्या तोंडाशी पान-तंबाखूचा गल्ला, म्हणजे टपरी, आहे, तिथपर्यंत ती कशीबशी पोचली. पुढं ढोल, मागं बायका, वर ऊन, आणि डोक्यात कुणी घण घालावा तसं चाललेलं. डोळ्यांपुढं पांढरं झालं, पोटातून कळ आली, आणि तिनं देवीचा पाट गल्लेवाल्याच्या बाकड्यावर टेकवून बाजूच्या गटारीत वांती केली. ढोल थांबला. सुभद्राबाईनं पाट उचलला आणि पुढं निघाली. त्या संध्याकाळी भाऊबंदकीत एकच बोलणं झालं, आणि ते सुभद्राबाईच्या तोंडचं होतं: "देवीले तिन्हं डोकं चालत नई."

हे वाक्य शोभाबाईच्या डोक्यात दुखण्यापेक्षाही खोल रुतलं होतं. आता घरात सून आली होती. पहिल्याच श्रावणात सुनेसमोर देवी दुसऱ्या बाईच्या डोक्यावर गेली, तर पुढं या घरात आपला शब्द कोण मानणार, हा तिचा घोर.

दुखणं जुनं होतं. पोरवयात ते महिन्या-दोन महिन्यांतून एकदा यायचं. डाव्या बाजूनं सुरू व्हायचं, उजेड नकोसा व्हायचा, उलटी झाली की उतरायचं. मधले दिवस ती खडखडीत असायची. सुरतला आल्यावर काही वर्षांनी ते रोजचं झालं. आता ते एका बाजूला नव्हतं. सकाळी डोळे उघडण्याआधीच सगळ्या डोक्याभोवती कुणी दोरी आवळल्यासारखं असायचं. उलटी क्वचित, पण दोरी कधी सुटायची नाही. ओट्यावर बसून साड्यांच्या मागचे लोंबते धागे कापायचं काम ती करायची. त्या कामानंच दुखतं, डोळ्यांना ताण येतो, असं चिंधा म्हणायचा. त्यानं बाजारातून चष्मा आणून दिला. शेजारच्या पुष्पाबाईनं मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. कुणी पित्त म्हणालं, कुणी वारं म्हणालं. सुभद्राबाईचं ठरलेलं होतंच.

आणि या सगळ्यांवर उपाय म्हणून एक गोष्ट घरोघर होती, ती म्हणजे गोळी.

ही गोळी कशी आली ते सांगायला हवं. कापडाच्या मागावर बारा बारा तास उभं राहणाऱ्या माणसाचे पाय, कंबर, डोकं सगळंच ठणकतं. कारखान्यात चहावाला यायचा तो किटलीबरोबर गोळ्यांची पाकिटंही आणायचा. दुखायला लागल्यावर गोळी घेणं हे नव्या माणसाचं लक्षण. जुना कारागीर पाळी सुरू होण्याआधीच घ्यायचा, जसं माग चालू करण्याआधी तेल देतात तसं. चिंधानं ती सवय घरी आणली, बाकीच्यांनी आपापल्या घरी. होता होता गल्लीत असं झालं की पाहुणा आला की बशीत चहा आणि बशीच्या कडेला गोळी. कुणी नको म्हटलं तर, अगं घे ना, काय परकी आहेस का, असा आग्रह. सुषमाला लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी सासऱ्यानं चहाबरोबर गोळी दिली होती. तिनं चहा प्यायला आणि गोळी नको म्हणून परत ठेवली, तेव्हा चिंधाला वाटलं, पोरगी लाजते आहे.

शोभाबाई सकाळी एक घ्यायची, दुपारच्या चहाला एक, आणि संध्याकाळी चिंधा घरी आला की त्याच्याबरोबर एक. गोळीनं दोरी थोडी सैल व्हायची. सैल व्हायची म्हणूनच ती घ्यायची.

आषाढ लागला तशी तिला भीती वाटू लागली. तिच्या माहेरच्या गावातल्या एकाच्या डोक्यात गाठ निघाली होती आणि तो सहा महिन्यांत गेला होता. हे ती कुणाला बोलली नाही. एक दिवस सुषमाला म्हणाली, चल, दवाखान्यात जाऊ, पण घरी सांगू नको.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण गुजराती होती, वयानं धर्मेंद्रपेक्षा थोडी मोठी. गल्लीतल्या बायका तिला डॉक्टरबेन म्हणत. तिनं घाई केली नाही. कधीपासून दुखतं, कुठं दुखतं, ठणकतं की आवळतं, उजेडाचा त्रास होतो का, वांती होते का, डोळ्यांना दोन दोन दिसतं का, हातापायातली शक्ती जाते का, ताप येतो का, एकदम वीज पडल्यासारखं कधी दुखलं का, सगळं विचारलं. रक्तदाब मोजला. डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिलं. मान वाकवायला लावली, नाकाला बोट लावायला लावलं. मग विचारलं, काही औषध चालू आहे का. शोभाबाई म्हणाली, काहीच नाही, बेन, मी औषधाच्या वाटेला जात नाही. आणि ती खरंच बोलत होती. तिच्या लेखी ती खरंच बोलत होती.

डॉक्टरबेननं गाठीची भीती नाही असं सांगितलं, तशी लक्षणं दिसत नाहीत म्हणाली, आणि कागदावर काही लिहू लागली. बाहेर अजून लांब रांग होती. पंखा बंद पडला होता. लिहिता लिहिता तिनं पेन खाली ठेवलं, दोन्ही अंगठ्यांनी कानशिलं दाबली आणि क्षणभर डोळे मिटले.

शोभाबाईच्या जिवाला ते बघवलं नाही. तिनं कमरेची पिशवी सोडली, आतून गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी फोडली आणि टेबलावर डॉक्टरिणीच्या हाताशी ठेवली.

"बेन, तुमचं पण डोकं चढलंय. ही घ्या. चहा असता तर अजून लवकर उतरलं असतं."

डॉक्टरबेननं गोळीकडं पाहिलं, मग पाकिटाकडं. अर्ध्याहून जास्त घरं रिकामी होती.

"ही तुम्ही रोज घेता?"

"रोज म्हणजे, चहाबरोबर."

"मी आत्ता विचारलं ना, औषध काय चालू आहे?"

"हे कुठं औषध आहे, बेन? हे तर चहाबरोबरचं."

सुषमा सासूच्या मागं उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. डॉक्टरबेनही हसली, पण लिहिलेला कागद तिनं फाडला आणि दुसरा घेतला. मग खुर्ची जवळ ओढून तिनं जे सांगितलं, ते शोभाबाई पुढं आयुष्यभर गल्लीतल्या बायकांना सांगत राहिली. लहानपणीचं दुखणं ते वेगळं, ती अर्धशिशी. ती यायची आणि जायची. आताचं रोजचं दुखणं हे या गोळीनं पाळलेलं. डोक्याला गोळीची सवय लागते. गोळी उतरली की डोकं ती मागायला लागतं, आणि मागायची त्याची भाषा म्हणजे दुखणं. तुम्ही पुन्हा देता, ते गप्प बसतं, आणि पुन्हा मागतं.

"मग काय करू?"

"बंद करा. आधी वाढेल. फार वाढेल. उलटी होईल, झोप येणार नाही, चिडचिड होईल. आठ-दहा दिवस, कदाचित जास्त. मग उतरेल."

उलटीसाठी आणि रात्रीसाठी तिनं दुसरं औषध दिलं. उपाशी राहायचं नाही, पाणी प्यायचं, चहा हळूहळू कमी करायचा, झोपायची वेळ ठरवायची. आणि जीभ अडखळली, एक बाजू लुळी पडली, तापाबरोबर मान धरली किंवा कधी नव्हे असं एकाएकी दुखलं, तर घरी थांबायचं नाही, लगेच यायचं. अर्धशिशी परत आली तर काय घ्यायचं तेही वेगळं लिहून दिलं, आणि महिन्यात किती वेळा त्याची मर्यादाही. शोभाबाईनं एकच प्रश्न विचारला, की श्रावणापर्यंत उतरेल का. डॉक्टरिणीला श्रावणाचं काय ते कळलं नाही, पण ती म्हणाली, आज सुरू केलं तर उतरेल.

घरी येऊन शोभाबाईनं पाकिटं गोळा केली. देवळीत, डब्यामागं, शिवणाच्या पेटीत, चिंधाच्या सदऱ्याच्या खिशात. सगळी सुषमाच्या हातात दिली आणि म्हणाली, मी मागितली, रडले, शिव्या दिल्या, तरी द्यायची नाही. नव्या सुनेला सासूनं दिलेली ही पहिली जबाबदारी. चिंधा कारखान्यातून आला तेव्हा त्यानं खिसा चाचपला आणि विचारलं. शोभाबाईनं सांगितलं. त्याला वाटलं, सरकारी डॉक्टर गोळ्या वाचवायला असं सांगतात. पण पुढं तो गोळी गल्ल्यावरच गिळून घरी येऊ लागला, घरात आणली नाही.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून दुखणं आलं ते डॉक्टरबेननं सांगितल्यापेक्षा मोठं होऊन आलं. दोरीच्या जागी लोखंडी कडं झालं. मागांचा खडखडाट, जो बमरोलीत कुणाच्या कानालाही लागत नाही, तो तिच्या दातांत उतरला. भात उकळल्याचा वास सहन होईना. सुषमा ओलं फडकं बदलत राहिली. तिसऱ्या दिवशी शोभाबाईनं गोळी मागितली. सुषमानं दिली नाही. शोभाबाईनं तिच्या आईबापाचा उद्धार केला. सुषमानं ऐकून घेतलं आणि लिंबू-मीठ घातलेलं पाणी पुढं केलं. सासूनं ते भिंतीवर फेकलं. सुनेनं भिंत पुसली आणि दुसरा पेला आणला.

चौथ्या-पाचव्या दिवशी सुभद्राबाई बघायला आली. पुष्पाबाईही होती. सुभद्राबाई उशाशी बसली, जावेचा चेहरा बघितला आणि खरंच कळवळली. ती वाईट बाई नव्हती, तोंडाची तेवढी होती. तिनं सुषमाला झापलं, की नव्यानं आलेली पोर सासूला मारायला निघालीस का. मग स्वतःच्या पिशवीतून गोळी काढली आणि शोभाबाईच्या तळहातावर ठेवून मूठ मिटली.

"ले, आनि ऊठ. कानबाईनं मी बघी लिसु."

सुषमा दारात उभी होती. मोठ्या चुलत सासूच्या देखत ती मूठ उघडून गोळी हिसकावणं तिला जमणार नव्हतं. 

शोभाबाईनं मूठ छातीवर घेतली आणि भिंतीकडं तोंड केलं. गोळी तिच्या हातात होती. ती गिळली की घटकाभरात हे कडं सैल होणार, हे तिला पक्कं माहीत होतं. पण सुभद्राबाईचं शेवटचं वाक्यही त्याच मुठीत होतं. गोळी घेतली की जावेचं ऐकलं असं होणार, आणि तसं झालं की कानबाई सुभद्राबाईची. बाहेर चहा झाला, बायका बोलत राहिल्या, साड्यांचे धागे कापत राहिल्या. दुपार कलली. शोभाबाईचा घाम त्या मुठीत साचत गेला.

सगळ्या निघून गेल्यावर सुषमा आत आली. शोभाबाईनं मूठ उघडली. गोळीचा पांढरा लगदा रेषारेषांत भरला होता.

"धुई टाक," ती म्हणाली.

सुषमानं तांब्या आणला आणि सासूचा तळहात आपल्या तळहातावर घेऊन धुतला.  त्या दिवसापासून शोभाबाईनं गोळी मागितली नाही.

पुढचे काही दिवस तसेच गेले, कमीजास्त. मग एका सकाळी ती उठली, चूल पेटवल्यासारखा गॅस पेटवला, पीठ मळलं, आणि भाकरी थापता थापता थांबली. काहीतरी हरवलं होतं. काय ते तिला चटकन कळेना. बाहेर माग वाजत होते आणि तो नुसता आवाज होता. कोवळं ऊन भांड्यांवर पडलं होतं आणि ते नुसतं ऊन होतं. आपल्याला डोकं आहे हे ती कितीतरी वर्षांनी विसरली होती. तिनं सुषमाला हाक मारली, आणि सुषमा धावत आली तेव्हा तिला सांगायला शब्द सापडेनात, म्हणून म्हणाली, भाकरी बघ कशी फुगली.

श्रावण आला. घर धुऊन पुसून झालं, भिंतींना रंग लागला. कानबाईच्या आदल्या दिवशी, रोटाचे गहू दळायला काढले असताना, शोभाबाईला एकामागून एक जांभया येऊ लागल्या. मान भरून आली. दाराच्या फटीतला उजेड डाव्या डोळ्यात टोचला. ती जुनी ओळखीची अर्धशिशी होती, पोरवयातली. पूर्वी अशा वेळी ती दात आवळून काम रेटायची आणि संध्याकाळी कोलमडायची. या वेळी तिनं जातं सोडलं. सकाळपासून आपण चहाशिवाय काही घेतलं नाही हे तिच्या ध्यानात आलं. तिनं दोन केळी खाल्ली, तांब्याभर पाणी प्यायली, डॉक्टरबेननं या दुखण्यासाठी लिहून दिलेली गोळी घेतली आणि आतल्या खोलीचं दार लावून अंधारात पडली. बाहेर सुभद्राबाईनं विचारलं, पडली का परत. सुषमा म्हणाली, नाही, निजली आहे.

दिवेलागणीला शोभाबाई उठून आली आणि उरलेले गहू तिनंच दळले. अर्धशिशी दारातून डोकावून परत गेली होती.

रविवारी देवी बसली. रोट झाले, गिलक्याची भजी झाली, गाणी झाली. सोमवारी सकाळी ढोलवाले आले तेव्हा अंगणात सगळी भाऊबंदकी जमली होती. सुभद्राबाई नवी साडी नेसून, केस बांधून, डोक्यावर चुंबळ ठेवून तयार होती. शोभाबाई आतून पाट घेऊन आली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. हिलाल खाकरला, चिंधा खाली बघू लागला. शोभाबाईनं पाट सुषमाच्या हातात दिला, मोकळा हात पुढं केला आणि जावेच्या डोक्यावरची चुंबळ अलगद उचलून आपल्या डोक्यावर ठेवली. मग वाकली. सुषमानं पाट चुंबळीवर बसवला. तेवढ्यात ढोल सुरू झाला.

सुभद्राबाई तिच्या शेजारून चालू लागली, दोन्ही हात थोडे पुढं धरून, पडलंच तर झेलायला. ऊन चढलं होतं. ढोलाची काठी थेट कानाजवळ पडत होती. गल्लीचं तोंड आलं, गल्ला आला, तेच बाकडं आलं. गल्ल्यावर गोळ्यांच्या पाकिटांची माळ वाऱ्यानं हलत होती. बायकांचं चालणं आपोआप मंदावलं. सगळ्यांना ती जागा आठवत होती. शोभाबाई मात्र मंदावली नाही. उलट त्या बाकड्यासमोर ती थांबली, वळली, आणि डोक्यावर पाट तसाच ठेवून ढोलाच्या तालावर नाचली. हात सोडून नाचली. पाट हलला नाही. पुष्पाबाई नाचायला लागली, मग सुषमा, मग सगळी गल्लीच. गल्लेवाल्यानं धंदा सोडून टाळ्या धरल्या. चिंधा कारखान्याच्या माणसांत उभा होता, त्याचे डोळे भरून आले आणि तो ते लपवायला ढोलवाल्याशी हुज्जत घालू लागला, की जोरात वाजव.

मोठ्या रस्त्यापर्यंत चालत आणि तिथून टेम्पोनं तापीपर्यंत, पाट तिच्याकडून कुणी घेतला नाही. टेम्पोत तिनं तो मांडीवर घेतला, जमिनीला लागू दिला नाही. घाटाच्या पायऱ्या उतरताना पुन्हा डोक्यावर. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिनं देवीला नदीत बुडवलं आणि स्वतःही डोकं पाण्यात घालून वर आली. केसांतून पाणी निथळत असताना सुभद्राबाई तिच्याजवळ आली.

"खरं सांग. आज कोनती गोळी लिधी?"

"एक बी नई."

 तेव्हा सुभद्राबाई हळूच म्हणाली, की आपलंही सकाळी उठल्या उठल्या दुखतं, सगळ्या डोक्याभोवती, दोरी आवळल्यासारखं. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

शोभाबाई हसली नाही. पुढच्या सोमवारी ती जावेला घेऊन दवाखान्याच्या रांगेत बसली, आणि डॉक्टरबेननं औषध काय चालू आहे विचारताच, सुभद्राबाईनं तोंड उघडण्याआधी, तिच्या कमरेची पिशवी सोडून टेबलावर उपडी केली. नंतरचे दहा दिवस सुभद्राबाईनं शोभाबाईला शिव्या घातल्या आणि शोभाबाईनं तिचं फडकं बदललं. हळूहळू गल्लीतल्या बशीच्या कडेची गोळी गेली, तिथं कधी खारी आली, कधी नुसताच चहा. चिंधानं सगळ्यात शेवटी सोडली. त्याचं म्हणणं, त्यानं ती बायकोच्या भीतीनं सोडली.

त्यानंतर कानबाई चिंधाच्या घरी जेव्हा जेव्हा बसली, ती शोभाबाईच्याच डोक्यावरून नदीवर गेली, आणि गल्ल्यासमोर दर वेळी नाच झाला. शेवटच्या खेपेला तिनं चुंबळ सुषमाच्या डोक्यावर ठेवली आणि स्वतः पुढं नाचत गेली.

शोभाबाई २०२३ सालच्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बमरोलीच्या घरी हृदय बंद पडून वारली.